जुन्या फोटोतली अनोळखी माणसं कशी ओळखायची

जुना फोटो हातात आला की नजर थेट चेहऱ्यावर जाते आणि "हे तर आजोबाच!" असं तोंडून निघून जातं. घोटाळा तिथेच होतो. एकाच घरात तीन-तीन पिढ्या तेच नाक आणि तीच हनुवटी फिरत असते. म्हणून आधी फोटोचं साल ठरवा आणि चेहऱ्याकडे मग वळा. साल दहा वर्षांच्या आत बसलं तरी बरीच नावं आपोआप गळून पडतात.

सुरुवात स्कॅनिंगने करा. पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) घ्या, फोटो अगदी चिमुकला असेल तर 1200 वर. मागची बाजू कोरी वाटली तरी तिच्यावर तिरपा उजेड टाकून बघा, पुसलेल्या पेन्सिलीचे वळ दिसतात. अल्बममधला चिकटवलेला फोटो ओढून काढू नका. सुटा होत असला तरी आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या. शेजारी कोण आहे आणि क्रम काय आहे हाही पुरावाच असतो, आणि पान एकदा विस्कटलं की तो परत मिळत नाही.

आता साल. फोटो आरशासारखा चमकतो आणि तिरका धरला की उलटा काळा-पांढरा दिसतो, तर तो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा डॅगेरोटाइप. ही पद्धत 1839 ची, 1860 च्या सुमारास ती मागे पडली. लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप 1856 पासून पुढे कित्येक दशकं चालला. मध्ये कागद ठेवून चुंबक धरलं तर ते ओढलं जातं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ कागदी फोटो असेल तर पट्टी लावा. पुठ्ठा साधारण 64 × 100 मिलिमीटर असेल तर ते कार्ट द व्हिझिट (पेटंट 1854 चं), 108 × 165 च्या आसपास असेल तर 1866 नंतरचं कॅबिनेट कार्ड. खालची पांढरी पट्टी रुंद असलेला, कॅमेऱ्यातूनच बाहेर येणारा चौकोनी रंगीत फोटो 1972 च्या आधीचा नसतो. कडेला छापलेला महिना प्रिंट धुतल्याचा असतो, काढल्याचा नव्हे. रोल कधीकधी कित्येक महिने कॅमेऱ्यातच पडून असायचा.

दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली म्हणजे फोटोचा फोटो. घरातल्या एकुलत्या एका प्रतीवरून नंतर कॉपी काढलेली असते, आणि कागदावरून कळतं ते कॉपीचं वय. चित्राच्या आत मूळ फोटोची कड, सुरकुती किंवा टाचणीची सावली दिसते का ते भिंगाने बघा. दुसरी म्हणजे मागचं लिखाण. बॉलपेन बाजारात आलं 1945 च्या सुमारास. 1910 च्या फोटोमागे बॉलपेनने नाव असेल तर ते किमान 35 वर्षांनी, आठवणीवरून लिहिलेलं आहे. ते टाकून देऊ नका, पण पडताळून घ्या.

सालाचा अंदाज आला की वंशावळ पुढ्यात घ्या. फोटो 1915 ते 1925 मधला आणि बाई 25 ते 35 वर्षांची वाटत असेल, तर जन्म 1880 ते 1900 मधला. मोठ्यांच्या वयाचा अंदाज दहा वर्षांनीही चुकतो, लहान मुलांचा फारसा चुकत नाही. म्हणून ग्रुप फोटोत आधी मुलं बघा. कडेवर काही महिन्यांचं बाळ, शेजारी तीन वर्षांचं आणि पुढे सातेक वर्षांचं मूल असेल, तर 1911, 1915 आणि 1918 ला मुलं झालेलं कुटुंब शोधा. तसं एकच कुटुंब असेल, तर फोटो 1918 च्या आसपासचा आणि आईवडीलही सापडले. लहानपणीच गेलेली मुलंही या यादीत धरा, नाहीतर हिशेब जुळणार नाही.

चेहरा आता. ओळखीचा आणि अनोळखी असे दोन्ही फोटो सारख्या आकारात, सारख्या कोनातले शेजारी ठेवा आणि केस कागदाने झाका. केशरचना फार दिशाभूल करते. मग कान बघा: पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, आतल्या घड्या कशा आहेत. वयानुसार कान लांबतो, घड्यांची ठेवण मात्र फारशी बदलत नाही. ठळक फरक दिसला तर नाव बाद करता येतं, नुसत्या साम्यावरून पक्कं करता येत नाही. डॅगेरोटाइप आणि टिनटाइप बहुधा आरशातल्यासारखे उलटे असतात, त्यामुळे डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर दिसतो. गूगल फोटोजसारखी ॲप्स बहिणींची आणि मायलेकींची गल्लत करतात. त्यांच्याकडून धागा घ्यावा, निकाल नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठी प्रिंट दाखवा आणि "ही आत्याच ना?" असं विचारू नका. हो म्हणणं सोपं असतं. "ही कोण?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. दोघांना वेगवेगळं विचारा. नाव आठवलं नाही तर घर, दागिना, मागची खुर्ची यांबद्दल विचारा, त्यातून नाव वर येतं.

सापडलेलं नाव मऊ 2बी पेन्सिलीने मागच्या कडेला हलक्या हाताने लिहा. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा. "डावीकडून" म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे स्पष्ट करा. नावापुढे कोणी ओळखलं, कधी, आणि "नक्की", "बहुधा" की "शंका" हेही नोंदवा. प्रत काढून कोणाला देताना तो शब्दही सोबत द्या, कारण पुढच्या प्रतीत सगळ्यात आधी तोच गळतो.