संत्र्याच्या मुलखात फ्रूट मशीनची खोली

पहिली चूक पाटीची झाली. ‘फ्रूट मशीन’ असं हातभर अक्षरात रंगवून घेतलं आणि वरूड तालुक्यात, जिथं वावरोवावरी संत्र्याचे बगीचे, तिथं दारावर टांगलं. तिसऱ्या दिवशी एक काका दोन क्रेट संत्री घेऊन हजर. "ताशी किती रस काढते बाप्पा हे मशीन?" म्हटलं, काका, रस काढते, पण माणसाचा. ते हसले. दुसऱ्या दिवशी पोलीस आला, तो हसला नाही. कारण फ्रूट मशीन, म्हणजेच स्लॉट मशीन, हे जुगाराचं यंत्र : नाणं टाकून दांडा ओढायचा, फळांची चित्रं असलेली चाकं फिरतात, चित्रं जुळली तर नाणी मिळतात.

तर तुम्हालाही अशी खोली उघडायची असेल, तर आधी पाटीचा मजकूर ठरवा. माझी आता अशी आहे : ‘जुनी चकरी यंत्रं. पैसे लागत नाहीत, पैसे मिळत नाहीत.’

मी मोटर रिवायंडिंगवाला माणूस. तीस वर्षं पाणबुडी पंप गुंडाळले. या यंत्रांची ओढ लागली ती त्यांच्या पोटातल्या कारागिरीमुळे. चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत तीन चाकांचं ‘लिबर्टी बेल’ बनवलं. त्याच्यावर फळं नव्हती. घोड्याची नाल, पत्त्यांची चिन्हं आणि घंटा होती. फळं नंतर आली. जुगारबंदीतून वाट काढायला काही यंत्रं च्युइंग गम देऊ लागली आणि चाकांवर त्या गमच्या चवींची चित्रं बसली : चेरी, लिंबू, आलुबुखारा, संत्रं. आमच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. खऱ्या कॅलिफोर्नियात जन्मलेलं यंत्र इथं आणलं, तर त्यात वावगं काय, असं मी घरी सांगून पाहिलं. आई म्हणाली, "वरली-मटक्यानं कमी घरं बुडाली का? तू आता हे कायले आणलं?"

आईचा मुद्दा आणि कायद्याचा मुद्दा एकच आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण ही चाकं फिरवण्यात कौशल्य शून्य. शिवाय जुगाराची साधनं ठेवून त्यांच्या किंवा जागेच्या वापराचं शुल्क घेतलं, तरी तो जुगारअड्डा ठरू शकतो. म्हणजे नुसतं ‘आम्ही बक्षीस देत नाही’ म्हणून भागत नाही. मी यंत्रावरही पैसे घेत नाही आणि दारावरही नाही. कमाई चहाची, आणि आंबिया बहार निघाला की संत्र्याच्या रसाची. कोणी सांगेल की गोव्यात चालतं. तिथं १९९२ साली कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा दिली, तुमची खोली पंचतारांकित नाही. कोणी १९७६ च्या महाराष्ट्रातल्या कॅसिनो कायद्याचा दाखला देईल. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. वकिलाला कागद दाखवा, पोलीस ठाण्यात काय करणार ते लेखी द्या, पोच घ्या. पोच लॅमिनेट करून भिंतीवर लावा.

यंत्रं मिळतात कुठं? माझ्याकडे तीन आहेत. एक शिकागोच्या मिल्स कंपनीचं, संपूर्ण यांत्रिक, मुंबईच्या चोरबाजारातून. दोन विजेवरची, गुजरातेतल्या अलंगहून. तिथं मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान रस्त्याच्या कडेनं मांडून विकतात, खुर्च्यांपासून काटेचमच्यांपर्यंत. किंमत सांगत नाही, बायको वाचते. घेताना चकचकीत पत्रा पाहू नका, मागचं दार उघडायला लावा. चाकं आहेत का, त्यांच्यामागच्या भोकांच्या चकत्या आहेत का, पैसे सोडणाऱ्या पट्ट्या सरकतात का, एवढं पाहा. पत्रा गावातही ठोकून मिळतो, दातेरी चक्र मिळत नाही.

यांत्रिक यंत्र पहिल्यांदा सोडवणाऱ्यानं काम समजून घ्यावं. दांडा ओढला की स्प्रिंगा ताणल्या जातात, मग एक आडवी पट्टी तिन्ही चाकांना धक्का देते. आत पंख्याचं छोटं घड्याळ असतं, ते एकेक खटका सोडत जातं आणि चाकं डावीकडून एकेक थांबतात. थांबली की बोटासारख्या पट्ट्या चकतीतली भोकं चाचपतात. भोकं जुळली तर पट्टी आत जाते आणि नळीतली नाणी खाली पडतात. वीज नाही, काही नाही. स्प्रिंग ताणलेली असताना हात घालू नका. माझं अंगठ्याचं नख त्यातच गेलं.

बहुतेक वेळा बिघाड एकच असतो : जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं होतं, घड्याळ अडतं, चाकं फिरतच राहतात किंवा तिन्ही एकदम थांबतात. पेट्रोलनं धुवा, अंगणात, बिडीवाल्यांना लांब बसवून. नंतर शिलाई मशीनचं तेल, एका आसाला एकच थेंब. जास्त तेल म्हणजे वैशाखातली धूळ बसून काळा काला. नाण्याच्या वाटेला तर तेल लावूच नका. आणि नाण्याची फट रोज रात्री चिंधीनं बुजवा. मी आठवडाभर नेर-परसोपंतला सोयऱ्याकडे गेलो, तेवढ्यात कुंभारमाशीनं फटीत मातीचं घर बांधलं.

जहाजावरच्या यंत्राची पाटी वाचल्याशिवाय पिन लावू नका. माझ्या दोन्हींवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं होतं. आपली लाईन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लोक व्होल्टेज उतरवतात आणि हर्ट्झ विसरतात. ६० वर चालणारा ट्रान्सफॉर्मर ५० वर पूर्ण व्होल्टेज दिलं तर तापतो. म्हणून व्होल्टेजही त्याच प्रमाणात, सहावा हिस्सा कमी करायचं, म्हणजे साधारण ९६. मी स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि ९५, १०० आणि ११५ असे तीन टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजची तीन टोकं, बाहेर काढले. चाकं थोडी सावकाश फिरतात, बघणाऱ्याला ते उलट बरंच वाटतं. सोबत स्टॅबिलायझर हवाच. दिवसा थ्री फेज आली की वावरातले सगळे पंप सुरू होतात आणि गावातले दिवे मान टाकतात.

खोली मातीच्या जाड भिंतींची घ्या. मी आधी टिनाच्या पॅकिंग शेडमध्ये मांडलं होतं. मे महिन्यात दांड्याला हात लावायची सोय नव्हती.

आता टोकन. मिल्सचं यंत्र अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याचं : व्यास २१.२१ मिलिमीटर, जाडी १.९५. आपला २०११ च्या मालिकेतला रुपया २१.९३ चा, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून जरा कमीच मोठा, पण तेवढ्यानं फटीत अडतो. अडतो तेच बरं. रुपया आत गेला की ती खोली अड्डा झाली. लेथवाल्याकडून त्या मापाची पितळी टोकनं करून घेतली. येणाऱ्याला दहा मोफत द्यायची, जाताना परत घ्यायची.

खरी गंमत यंत्राच्या मागे आहे, आणि लोक त्यासाठीच पुन्हा येतात. मी मागचं दार काढून काच बसवली आहे. प्रत्येक चाकावर २० चित्रं, म्हणजे २० गुणिले २० गुणिले २०, एकूण ८,००० जुळण्या. एका ओढण्याला सहा सेकंद धरले तरी सगळ्या एकदा यायला तेरा तासांवर लागतील. मग मी पोरांना चाकावरची संत्री मोजायला लावतो. माझ्या यंत्रावर पहिल्या चाकात ६, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात फक्त १. म्हणजे तीन संत्री जुळणार ८,००० त ३० वेळा, आणि दोन दिसून तिसरं हुकणार ५७० वेळा. दर चौदा ओढण्यांत एकदा तुमच्या तोंडचा घास जातो, आणि तो कारखान्यातच ठरवून काढलेला असतो. एकदा हे मोजून झाल्यावर मागं उभा असलेला बगीचेवाला म्हणाला, "म्हणजे दोन झाडांवर बहार दाखवायचा अन् तिसऱ्यावर फळगळ करायची. लेकाचे मोठे बदमाश!" आता तो बाजाराच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येतो आणि माझ्याआधी स्वतःच समजावून सांगतो. आईसुद्धा आली एकदा. दहा टोकनं ओढली, नऊ गेली, एकाला दोन चेरी लागून दोन परत मिळाली. ती दोन तिनं पदराला बांधली आणि द्यायला तयार होईना.

टोकनं अशीच कमी होतात. मी दोनशे केली होती, वर्षात एकशे साठ उरली. काही पोरांच्या खिशात गेली, काही बैलांच्या गळ्यात दिसतात. लेथवाल्याला सुरुवातीलाच पन्नास जास्त सांगा, एकदा माप बसलं की तो स्वस्तात करून देतो.