उत्स्फूर्त विनोदाचा प्रयोग कसा बसवावा
‘हूज लाइन इज इट एनीवे?’ हा उत्स्फूर्त विनोदाचा ब्रिटिश कार्यक्रम १९८८ साली आधी बीबीसी रेडिओवर आणि मग चॅनल फोरवर आला. त्याचे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक होई आणि फसलेले खेळ, म्हणजे ठरावीक नियमांवर जागीच रंगवलेले छोटे प्रसंग, संकलनात गाळले जात. गोव्यातील फोंड्याच्या जत्रेत प्रयोग करताना ही सोय नसल्याने खेळ आखूड ठेवावेत आणि हशा चढलेला असतानाच घंटा वाजवण्याचा अधिकार सूत्रसंचालकास द्यावा. प्रसंग प्रेक्षकांकडून आयत्या वेळी मागावा, मात्र खेळांचे नियम तालमीत घोटावेत. कथानक ठरवून संवाद जागीच रचणारे पेडण्याचे दशावतारी कलाकार अवश्य पाहावेत. माझ्या मते याहून चांगली शाळा नाही. पेटीवाल्यालाही तालमीस बोलवावे, कारण उत्स्फूर्त गाण्याची चाल तोच सावरतो.