आई-बाबांना एकटं फिरायला सोडण्याआधी

अमेरिकेत नवीन आलेली मंडळी मला क्रेडिट स्कोअरपासून शाळेपर्यंत सगळं विचारतात. पोलिसांबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. ‘आपण सरळमार्गी माणसं, आपल्याला कोण कशाला हात लावतंय?’ पूर्वी मीही हेच म्हणायचे.

तर आधी अलाबामातल्या मॅडिसन शहरातली गोष्ट ऐका. फेब्रुवारी २०१५. नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ फेऱ्या मारत होते. कुणीतरी फोन करून कळवलं, अनोळखी काळा माणूस फिरतोय. पोलीस आले. आजोबांना ‘नो इंग्लिश’, ‘इंडियन’ याच्यापुढे बोलता येईना. एका पोलिसाने त्यांना तोंडावर आपटलं, मानेला मार बसला आणि अंगातली ताकद बरीचशी गेली. हे सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात आलंय. तरी खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत होईना, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. शहराने पुढे २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

‘आपण काळे थोडेच आहोत’ हा आपल्या लोकांचा हिशेब तिथे कामाला आला नाही. आणि समजा ते खरंच काळे असते, तर आपटणं योग्य ठरलं असतं? आपल्या गेट-टुगेदरमध्ये हा प्रश्न निघाला की लोक ताटाकडे बघतात.

माझे सासरे आले तेव्हा मी घरचा पत्ता, आमचे फोन आणि ‘मला इंग्रजी येत नाही’ एवढं लिहिलेलं कार्ड त्यांच्या गळ्यात घातलं. ‘मी काय बालवाडीत आहे का?’ म्हणून चिडले. पण खिशातलं कार्ड उपयोगाचं नाही. समोर पोलीस असताना खिशाकडे गेलेला हात म्हणजे इथे पिस्तुलाची शंका. हात रिकामे आणि दिसतील असे ठेवायचे, चालायला लागायचं नाही, एवढं घरात दोनदा करून दाखवा.

गाडी अडवली तरी हेच. आपल्या सवयीने उतरून ‘साहेब’ म्हणत जाऊ नका. मी गेले होते; मागून जी किंकाळीवजा आज्ञा आली, ती अजून कानात आहे. आत बसा, हात स्टिअरिंगवर, कागद काढण्याआधी सांगा. झडतीला संमती नसेल तर शांतपणे तसं म्हणा, अडवू मात्र नका. रस्त्यावर वाद जिंकता येत नाही.

वाद घालायची जागा नंतरची आहे, तीही फार मोठी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालापासून कोर्ट बघतं ते असं की, त्या क्षणी, त्या जागी एखाद्या समंजस पोलिसाला तेवढं बळ वाजवी वाटलं असतं का. त्यामुळे शिक्षा होणं अवघड. तक्रार ऐकणारी नागरी मंडळं, म्हणजे पोलीस नसलेल्या लोकांची, काही शहरांत आहेत, सगळीकडे नाहीत. न्यूयॉर्कच्या मंडळात १९९३ पासून एकही पोलीस नाही, तुमचा व्हिसा ते विचारत नाही. पण शिक्षेचा शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचा. न्यूअर्कने आपल्या मंडळाला साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचा अधिकार दिला, तो न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये काढून घेतला. जिथे मंडळ नाही तिथे तक्रार पोलिसांच्याच अंतर्गत चौकशी विभागाकडे जाते.

तरी करा. त्याच रात्री वेळ, जागा, बिल्ला नंबर, गाडीचा नंबर लिहून काढा, जखमांचे फोटो घ्या, पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज लेखी मागा. ते कायम ठेवत नाहीत. तुमच्यावरच गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र आधी वकील, मग जबानी.

माझ्या दिराचा हात पिरगळला होता, त्या तक्रारीचं उत्तर सात महिन्यांनी आलं: आरोप सिद्ध होत नाही. पत्र मी फाइलला लावलंय. त्यावर त्या पोलिसाचं नाव आहे आणि तक्रारीचा क्रमांक आहे.