व्हीटीवरच्या मूर्ती कशा बघायच्या: आधी हात, मग तोंड

पहिलं म्हणजे सकाळी जाऊ नका. मी तीच चूक केली होती, रविवारी गर्दी नसते म्हणून आठ वाजताच आत्याला घेऊन व्हीटीला पोचलो (हो, माहितीय, सीएसएमटी, पण तोंडात व्हीटीच बसलंय त्याला काय करणार), रस्ता ओलांडून समोर उभे राहिलो आणि वर बघतो तर घुमटावरची बाई म्हणजे नुसती काळी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. कारण एकदम साधं आहे, बिल्डिंगचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि तुमच्या डोळ्यात. दुपारी साडेतीननंतर जा, ऊन समोरून पडतं, दगड पिवळसर दिसायला लागतो आणि मग मूर्तीची घडी न् घडी कळते.

पण त्या फसलेल्या सकाळीच मला ही युक्ती सापडली. आत्या साताऱ्याची, तिला गॉथिकबिथिक काही माहीत नाही. ती डोळ्यावर हात धरून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "हातात काय धरलंय रे तिनं?" मी म्हटलं उजव्या हातात मशाल दिसतेय, वर धरलीय. "आणि डाव्या?" चाक आहे, आऱ्यांचं. "बरं, मग वाहन कुठाय हिचं?"

मी हसलो तेव्हा, पण घरी आल्यावर लक्षात आलं की बाईनं बरोबर तेच विचारलं जे विचारायला पाहिजे. आपण देवळात देव ओळखतो कसा? चेहऱ्यावरून ओळखतो का? शेंदराचे थर चढून चढून नाकडोळे केव्हाच गेलेले असतात. शंख-चक्र-गदा-पद्म दिसलं की विष्णू, त्रिशूळ-डमरू म्हणजे महादेव, कमरेवर हात म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही. सरकारी इमारतींवरच्या ह्या प्रतीकमूर्तींचं पण तेच आहे. ती कुणी खरी बाई नाहीये, एक कल्पना आहे आणि तिला बाईचं रूप दिलंय. तिचं नाव तिच्या हातात असतं. मशाल आणि चाक, उजेड आणि गती, म्हणून घुमटावरच्या मूर्तीचं नाव प्रोग्रेस, आपल्या भाषेत प्रगती. रेल्वे कंपनीच्या डोक्यावर दुसरं कोण बसणार.

तर सगळ्यात आधी हात बघा. आणि त्यासाठी दुर्बीण न्या, साधी आठपट दाखवणारी पुरते. मोबाईलचा झूम करून बघण्यात मजा नाही, दहापटीच्या पुढे फोन स्वतःच्या मनानं चित्र रंगवायला लागतो आणि मशालीचं आईस्क्रीम होतं. ही बाई खालून एवढीशी दिसते, पण माणसाच्या दुप्पटीपेक्षा उंच आहे. ड्रोनचा विचार करत असाल तर सोडून द्या, ह्या भागात परवानगीशिवाय उडवलात तर थेट पोलीस स्टेशन बघायला मिळेल.

उभं कुठं राहायचं हे पण महत्त्वाचं. बिल्डिंगच्या पायथ्याशी जाऊन मान वर केलीत तर छज्जे आणि कबुतरं दिसतील, मूर्ती नाही. समोर महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर या, सबवेतून येता येतं. जितकं लांब तितका कोन कमी. कोनामुळे किती फरक पडतो ते २०२२ मध्ये सगळ्या देशानं बघितलं, नव्या संसदेवर साडेसहा मीटर उंचीची अशोकमुद्रा बसवली तेव्हा सिंह रागीट केलेत म्हणून केवढा गदारोळ झाला, आणि करणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं की फोटो अगदी खालून काढलेत. कोण बरोबर ते तुम्ही ठरवा, पण खालून काढलेल्या फोटोवरून कुठल्याच मूर्तीचा स्वभाव ठरवू नका एवढं नक्की.

आता व्हीटीवर डोळे फिरवायचे ते वरून खाली. घुमट झाला की जरा खाली त्रिकोणी माथे आहेत, त्यांच्यावर पण मूर्ती आहेत, शेती, व्यापार, इंजिनियरिंग अशा. पुन्हा तेच, कुणाकडे काय सामान आहे ते बघत कोणती कुठली ते ओळखायचा प्रयत्न करा. बरोबर लहान मुलं असतील तर त्यांना हा खेळ लावून द्या, ती आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. त्याच्या खाली घड्याळ, आणि घड्याळाखाली एक रिकामा कोनाडा. तिथं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर गेला. कोनाडा मात्र तसाच ठेवलाय. मला ती रिकामी जागाच सगळ्यात जास्त बोलकी वाटते, घरात आजोबांचा फोटो काढल्यावर भिंतीवर जसा चौकोन राहतो ना तसं.

मग भिंतीवर गोल चकत्यांमध्ये माणसांचे चेहरे दिसतील. इथे जरा थांबा, कारण इथे नियम बदलतो. हे प्रतीक नाहीत, खरी माणसं आहेत, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी, म्हणजे ही बिल्डिंग बांधणाऱ्या कंपनीशी, जोडलेली. त्यात आपले नाना शंकरशेट आहेत, सर जमशेटजी जीजीभॉय आहेत. खऱ्या माणसाला हातात वस्तू लागत नाही, त्याला चेहरा असतो, पगडी असते. म्हणजे ढोबळ हिशोब असा की चेहऱ्यावर मेहनत घेतली असेल तर व्यक्ती, आणि चेहरा सगळ्यांचा सारखाच शांत-सुंदर-थंड पण हातातली वस्तू ठळक असेल तर कल्पना. समोर पालिकेच्या दारात फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे, १९२३ चा, तो आणि पालिकेच्या माथ्यावरची मूर्ती एकामागोमाग बघा, फरक लगेच कळेल. मेहतांना नावाची पाटी आहे. वरच्या बाईला पाटीची गरज नाही असं बांधणाऱ्याला वाटलं होतं. आणि आज रोज लाखभर लोक तिच्याखालून जातात, एकाला विचारा ती कोण, मी विचारून बघितलंय, एक जण म्हणाला मदर मेरी.

आता वाहन. आत्याचा तो प्रश्न मी नंतर दुपारी परत गेलो तेव्हा सुटला. वाहन वर नाहीये, खाली फाटकावर आहे! व्हीटीतल्या मध्य रेल्वे मुख्यालयाच्या फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेत. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. ह्यांना जवळून बघता येतं म्हणून इथे वेळ घालवा. सिंहाच्या आयाळीच्या बटा बघा, छिन्नी कशी फिरवलीय, खाचेत काळी धूळ बसल्यामुळे उलट त्या जास्तच उठून दिसतात, आणि डोक्यावर कबुतराचा पांढरा अभिषेक कायमचा. मी दहा मिनिटं तिथं उभा होतो तर एक हवालदार आले, काय बघताय म्हणून, मी म्हटलं वाघ बघतोय, ते पण बघायला लागले, म्हणाले अकरा वर्षं ड्युटी करतोय, सिंहच समजत होतो दोन्ही.

हे सगळं केलं कुणी तेही सांगतो. इमारतीचा आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम सुरू झालं १८७८ ला, पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली. प्रगतीची मूर्ती आणि सिंह-वाघ लंडनच्या थॉमस अर्प ह्या शिल्पकाराकडचे. पण भिंतीवरची बाकीची जी बारीक नक्षी आहे, मोर, माकडं, पानं, ते काम जेजेच्या, म्हणजे जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी, तिथले मास्तर जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केलं. हेच ग्रिफिथ्स त्याच काळात जेजेची मुलं घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते, १८७२ पासून १८८५ पर्यंत. म्हणजे अजिंठा आणि व्हीटी एकाच मास्तरच्या हाताखाली. मी हे वाचल्यापासून तिथली पानंवेली बघताना उगाच अजिंठ्याचं छत आठवतं, त्याला पुरावा काही नाही, मनाचे खेळ.

अडचण एक येते, झीज. नक्षीचा बराचसा दगड पोरबंदरचा आहे, मऊ, कोरायला सोपा आणि झिजायलाही. दीडशे वर्षांचा पाऊस, खारा वारा, बेस्टचा धूर, त्यामुळे कुठं बोटं गेलीत, कुठं हातातली वस्तूच गोळा झालीय. अशा वेळी हात सोडा आणि शेजार बघा. मूर्ती कधी एकटी नसते, तिच्या दोन्ही बाजूला काय आहे त्यावरून उरलेली ओळखता येते, फाटलेल्या लग्नपत्रिकेत बाकीची नावं वाचून नवरीचं आडनाव लावतो तसं. पावसाळ्यात तर जाऊच नका असं म्हणेन, दगड काळा-हिरवा होतो आणि सगळं एकसारखं दिसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, फक्त हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो हे धरून चाला.

समोरच्या महापालिकेच्या इमारतीला मात्र माझा सकाळचा नियम उलटा करा, तिला सकाळचंच ऊन बरं मिळतं. ही पण स्टीव्हन्सचीच, १८९३ ला पुरी झाली. माथ्यावर पंख असलेली बाई आहे. इथे आत्याची पद्धत जरा अडते कारण आपल्याकडे पंखवाली देवी नसते, परी असते फार तर. हा सगळा युरोपातला माल, पंखवाली बाई त्यांच्याकडे विजयाची, कीर्तीची वगैरे. इथे ती आहे मुंबई. लॅटिनमध्ये उर्ब्स प्रायमा इन इंडिस, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. समोर व्हीटी एवढं मोठं उभं राहिल्यावर पालिकेला आपण मागं राहून कसं चालेल! पालिकेचं स्वतःचं बोधवाक्य मात्र संस्कृत आहे, यतो धर्मस्ततो जयः. खड्डे आठवून हसायचं नाही. आत बघायचं असेल तर २०२१ ला इथे वीकेंडचे हेरिटेज वॉक सुरू झाले होते, सध्याची वेळ आणि बुकिंग आधी विचारून मगच निघा.

वेळ असेल तर दहा मिनिटं चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. ही १८६९ ची आणि पालिकेचीच. दाराच्या वर दगडात कोरलेले शेतकरी-बाजारकरी लोक आहेत, लॉकवुड किपलिंगनं (जंगलबुकवाल्या रुडयार्ड किपलिंगचे वडील) केलेले. इथे देवी नाही, पंख नाही, कल्पना नाही, साधी कामाची माणसं, आणि खाली दारात आजही तसंच भाजीचं-फळांचं ओझं वाहणारी माणसं. खरं सांगू, मला व्हीटीच्या प्रगतीपेक्षा ही कमानीवरची मंडळी जास्त आवडतात. पण इथे धक्के खात बघावं लागतं, खिसा सांभाळा.

दुपारच्या फेरीचा शेवट हायकोर्टावर करा. व्हीटीवरून पाय मोकळे करत वीस-पंचवीस मिनिटं, आणि समोर ओव्हल मैदानात जाऊन उभे राहा, पोरांचं क्रिकेट चालू असतं, बॉल सांभाळून. हायकोर्टाचं हे तोंड पण पश्चिमेला, त्यामुळे साडेचार-पाचला ऊन बरोबर समोरून. राजाबाई टॉवरच्या डाव्या हाताला आहे ते. (टॉवरवर पण पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, ते पगड्या आणि कपड्यांवरून ओळखायचे, पण ती युनिव्हर्सिटी, सरकारी कचेरी नाही, म्हणून कंसात.) हायकोर्ट १८७८ ला पुरं झालं, कर्नल फुलर नावाच्या इंजिनियरचं काम. वर दोन मूर्ती आहेत, न्याय आणि दया. जोडी का ते बघा, नुसता न्याय ठेवला असता तर कोर्ट कडक दिसलं असतं, नुसती दया ठेवली तर कोर्टच कशाला. मूर्ती जोडीनं असल्या की त्यांच्यातलं बोलणं ऐकायचं, एकेकटी बघायची नाही.

आणि आतली गंमत म्हणजे एका खांबावर कोरलेलं माकड, हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी, आणि एक कोल्हा, गळ्यात वकिलाचे बँड, म्हणजे वकील गळ्याशी लावतात त्या पांढऱ्या पट्ट्या. गोष्ट अशी सांगतात की कामातला एक ठेकेदार कोर्टात केस हरला आणि त्यानं असा सूड काढला. खरं खोटं सांगणारे गेले, पण माकड आहे. तराजू बघितलात की न्याय म्हणाल, आणि मग पट्टी एकाच डोळ्यावर आहे हे दिसेल, म्हणजे दुसऱ्या डोळ्यानं बघतंय! आयुध तेच, फक्त एक डोळा उघडा ठेवला आणि अख्खा अर्थ फिरवला. कोर्टाच्या आवारात फोटो काढायला जाऊ नका, सिक्युरिटीला विचारा, ओळखीचा वकील असेल तर कामाच्या दिवशी त्याच्याबरोबर जाऊन नुसतं डोळ्यांनी बघून या.

दिल्लीला गेलात तर हीच परीक्षा संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दारात देऊन बघा. तिथे दोन बाजूला यक्ष आणि यक्षी, शांतिनिकेतनचे शिल्पकार रामकिंकर बैज यांनी केलेले, चोवीस फुटी, काम संपायला १९६७ उजाडलं. ही कल्पना सुचवणारे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला मुंबईचे. इथे सगळं आपल्या घरचं, मथुरेच्या जुन्या यक्षाच्या धर्तीवरचा यक्ष आणि मध्य प्रदेशातल्या बेसनगरच्या यक्षीवरून यक्षी, त्यामुळे वाटतं ओळखणं सोपं. पण यक्षाच्या एका हातात पैशाची थैली बघून कुबेर म्हणून मोकळे होऊ नका. दुसऱ्या हातात दातेरी चाक आहे, कारखान्यातलं. तो उद्योग आणि ती शेती. आत्याला फोटो दाखवला तर म्हणाली, "हे बरंय, पण वाहन इथं पण नाही." मी म्हटलं आत्या, बँकेत पार्किंग मिळत नाही.