स्वस्तात डेटा प्रोसेसिंगचा पीसी बांधताय? या चुका टाळा

"या बजेटमध्ये जास्तीत जास्त कोअर कशात मिळतील?" पीएचडी करणारे असोत की छोट्या कंपनीत डेटा सांभाळणारे, मला पहिला प्रश्न हाच विचारतात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. खरं तर मोठ्या डेटाचं काम बऱ्याचदा प्रोसेसरपाशी अडतच नाही. ते रॅममध्ये अडतं, नाहीतर डिस्कवर. कुठे अडतंय ते आधी बघा, पैसे मग काढा.

आहे त्याच मशीनवर नेहमीचं काम लावा आणि शेजारी एचटॉप (लिनक्सवर प्रोसेसर आणि रॅमचा वापर दाखवणारा प्रोग्राम) उघडून ठेवा. वर प्रत्येक कोअरची एक पट्टी दिसते. एकच पट्टी शंभर टक्क्यांवर आणि बाकीच्या जवळजवळ रिकाम्या असतील, तर प्रोग्राम एकाच कोअरवर चाललाय. पांडाज या पायथनमधल्या डेटा लायब्ररीची बहुतेक कामं अशीच चालतात. तिथे 14 कोअर आणि 28 थ्रेडचा जुना झिऑन ई5-2680 व्ही4 (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) आणला, तर त्याच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या मूळ वेगामुळे काम उलट आणखी रेंगाळण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी आधी पांडाजच्या जागी पोलार्स किंवा डकडीबी वापरून बघा. दोन्ही फुकट आहेत आणि सगळे कोअर कामाला लावतात. कित्येकांची नव्या पीसीची गरज इथेच संपते, आणि तसं झालं तर मला आनंदच होतो.

"फाइल 10 जीबीची, म्हणजे 16 जीबी रॅम पुरेल"

नाही पुरणार. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरात साठवलेली टेबलाची फाइल, मेमरीत उघडली की फुगते. मजकुराचे रकाने जास्त असतील तर दुप्पट-तिप्पट जागा सहज लागते. वर जोडणी, क्रमवारी करताना तात्पुरत्या प्रती तयार होतात त्या वेगळ्याच. मग मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरायला लागतं, माऊस अडखळायला लागतो आणि शेवटी लिनक्स प्रोग्राम बंद पाडतं. टर्मिनलवर एकच शब्द उरतो: "किल्ड". लोक दिवसभर कोडमधली चूक शोधत बसतात. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडून "आउट ऑफ मेमरी" शोधा. ती ओळ सापडली तर कोडचं गणित बरोबर आहे, जागा अपुरी पडतेय. पार्के या रकान्यांनुसार साठवणाऱ्या फाइल प्रकारात डेटा साठवून लागतील तेवढेच रकाने वाचलेत तर आहे त्या रॅममध्येही बरंच काम उरकतं. तरीही नवं मशीन घ्यायचं असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घाला.

रॅम घेताना होणाऱ्या दोन चुका

पहिली, 32 जीबीची एकच पट्टी. पुढे वाढवता येईल म्हणून घेतात, पण त्यामुळे एकच चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) चालू राहतो. वर सांगितलेल्या झिऑनला चार चॅनल आहेत. 2400च्या डीडीआर4 पट्ट्या चारही चॅनलमध्ये लावल्या तर कागदोपत्री सेकंदाला 76.8 जीबीची वाट मोकळी होते. एकाच पट्टीवर 19.2. इतके सगळे कोअर त्या अरुंद वाटेवर रांग लावून उभे राहतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम (सर्व्हरसाठीचा वेगळा प्रकार) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात साध्या रॅमपेक्षा बरीच स्वस्त मिळू शकते. डीडीआर4मध्ये ती साध्या डेस्कटॉपच्या खाचेत व्यवस्थित बसतेही, पण मशीन चालू होत नाही. पट्टीवरचं लेबल वाचा: "पीसी4-2400टी"च्या पुढे "आर" असेल तर रजिस्टर्ड, "यू" असेल तर साधी. कोअर आय5 किंवा रायझनच्या नेहमीच्या बोर्डाला "यू"च लागते. झिऑन ई5चं जुनं वर्कस्टेशन घेणार असाल तर "आर" चालते, आणि तिथे ती खरंच फायद्याची आहे. त्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, हे मात्र लक्षात ठेवा. एखादं साधं कार्ड घ्यावंच लागतं.

व्ही1 आणि व्ही2 पिढीचे ई5 कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्यांना एव्हीएक्स2 (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा संच) नाही, आणि आजच्या बऱ्याच डेटा लायब्ररी ते गृहीत धरून बांधलेल्या असतात. प्रोग्राम "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून थांबला तर शंका इथेच घ्या.

एसएसडी सुरुवातीला पळते, मग बसते

क्यूएलसी प्रकारच्या (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) स्वस्त एसएसडी छोट्या फाइलींना झपाट्याने लिहितात. शेकडो जीबी सलग लिहायला घेतले की त्यांचा कॅशे भरतो आणि वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. डिस्क खराब झाली असं समजून लोक ती बदलून मागतात. तात्पुरत्या फाइलींसाठी टीएलसीची (पेशीत तीन बिटवाली) एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर लागणारी वेगवान एसएसडी, घ्या, आणि मूळ डेटा साध्या हार्ड डिस्कवर ठेवा.

जुनी टेस्ला कार्डं

24 जीबी मेमरीचा आकडा बघून एनव्हिडियाची सर्व्हरसाठीची जुनी जीपीयू कार्डं, टेस्ला के80 किंवा पी40, घ्यायचा मोह होतो. के80वरचे 24 जीबी दोन चिपांमध्ये 12-12 असे वाटलेले आहेत, आणि कुडा 12ने (कुडा म्हणजे जीपीयूवर हिशोब चालवणारं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) ते कार्ड सोडून दिलंय. पी40ची पिढी कुडा 13ने वगळली. दोन्हींना स्वतःचा पंखा नाही; साध्या कॅबिनेटमध्ये ती काही मिनिटांत तापून मंदावतात. त्यांची पॉवरची पिनसुद्धा ग्राफिक्स कार्डाची नसून प्रोसेसरची असते, त्यामुळे योग्य अडॅप्टर लागतो. मॉनिटर लावायची सोयही नाही. शिवाय तुमचं काम टेबलं जोडण्याचं आणि बेरजा करण्याचं असेल, तर जीपीयूची गरज आहे का हेच आधी तपासा.

जुनं मशीन घेताना दुकानदाराला सरळ सांगा, "दादा, चालू करून दाखवा." घरी आणलं की मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. त्यात एकही चूक दिसली तर ती पट्टी परत करा. खराब रॅम दर वेळी मशीन बंद पाडतेच असं नाही, कधी कधी ती गुपचूप आकडे बदलते.

विजेचाही हिशोब करा. 300 वॅट ओढणारं मशीन दिवसरात्र चाललं तर महिन्याला 216 युनिट होतात. वीज जाणाऱ्या भागात यूपीएसशिवाय लांबलचक काम लावू नका. आणि यूपीएस असला तरी प्रोग्राम दर टप्प्याचं उत्तर फाइलीत लिहून ठेवेल असा बांधा, म्हणजे दहाव्या तासाला लाइट गेली तरी नवव्या तासापासून पुढे चालू करता येतं.