रुग्णालयातील बडतर्फीची प्रकरणे लिहिताना: नव्या वकिलांसाठी काही अनुभव

पुण्याच्या कामगार न्यायालयात मी सिनिअरांच्या हाताखाली काम सुरू केले, तेव्हा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची प्रकरणे आमच्याकडे बरीच येत असत. परिचारिका, वॉर्डबॉय, आयाबाई, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ अशी ही माणसे. त्यांपैकी अनेकांच्या हाती काढून टाकल्याचा लेखी आदेशच नसे. सहा महिन्यांचे नेमणूकपत्र, मग एक-दोन दिवसांचा खंड, पुन्हा सहा महिन्यांचे पत्र आणि एके दिवशी ‘उद्यापासून तुमची ड्यूटी लावलेली नाही’ असा तोंडी निरोप, एवढ्यावर प्रकरण उभे करायचे असे. अशा प्रकरणाचा कणा म्हणजे तारखा, आणि त्या तारखा वर्षानुवर्षे नीट शोधता आणि दुरुस्त करता येतील अशा लिहून ठेवणे हे निम्मे वकिलीचे आणि निम्मे टंकलेखनाचे काम आहे, हे मला उशिरा कळले.

औद्योगिक विवादाचे कायदे ‘उद्योगा’लाच लागू होत असल्याने, रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे का, हा प्रश्न विरुद्ध बाजू हमखास काढते. त्याचा उगम आपल्याकडचाच आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड कर्मचाऱ्यांना कमी केल्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये रुग्णालय हा उद्योग ठरवला, १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात ती भूमिका मागे घेतली आणि १९७८ मध्ये बंगळुरू पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने ती पुन्हा प्रस्थापित केली. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून, पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवेत असलेल्या संघटनांच्या संस्था तिने उद्योगाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे पक्षकार समोर बसला की दोन गोष्टी आधी विचाराव्यात: नेमके कोणत्या तारखेला काढले, आणि रुग्णालय कोणाच्या मालकीचे आहे. ‘ट्रस्टचे आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये, कारण ट्रस्ट प्रत्यक्षात काय करतो हा पुराव्याचा विषय असतो.

आमची बहुतेक प्रकरणे कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध याविषयीच्या १९७१ च्या राज्य कायद्याखाली, म्हणजे न्यायालयाच्या आवारात ज्याला ‘एमआरटीयू पल्प’ म्हणतात त्याखाली, अनुसूची चारमधील पहिल्या, म्हणजे अन्यायाने कामावरून काढण्याच्या, बाबीवर दाखल होत. त्यात तक्रारीची मुदत ९० दिवसांची. उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तोंडी निरोपाच्या प्रकरणात मुदत कधी सुरू झाली यावरच वाद होतो. म्हणून आमचे सिनिअर पक्षकाराला तक्रारीच्याही आधी एक पत्र पाठवायला लावत: ‘अमुक तारखेला मी नेहमीच्या वेळी हजर झाले, मला हजेरी लावू दिली नाही, मी काम करण्यास तयार आहे.’ स्पीड पोस्टची पावती आणि ईमेल दोन्ही जपायचे. ‘तिने स्वतःहून काम सोडले’ या रुग्णालयाच्या ठरलेल्या बचावाला या चार ओळींइतके चोख उत्तर दुसरे नाही. त्यानंतर बेकार असल्याचे विधान तक्रारीतच स्पष्ट करावे, कारण मागील वेतनाचा प्रश्न येतो तेव्हा न्यायालय तेच शोधते.

निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अंतरिम अर्ज, म्हणजे आपला ‘यू-२’, लिहिण्यापूर्वी मी दिवसांचा तक्ता करतो. जुन्या औद्योगिक विवाद अधिनियमाप्रमाणे कामावरून कमी करण्याविरुद्धचे संरक्षण मिळण्यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस काम झाल्याचे कर्मचाऱ्यालाच दाखवावे लागते. परिचारिकेकडे हजेरीपट नसतो, पण ड्यूटीच्या तक्त्याचे मोबाइलवर काढलेले फोटो असतात. साप्ताहिक सुटी आणि पगारी सुट्या या मोजणीत धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे, तरी नवखा माणूस फक्त प्रत्यक्ष ड्यूटीचे दिवस मोजतो आणि २१०-२१५ वर अडकून हताश होतो. मीही अडकलो होतो.

आता लेखनाच्या सॉफ्टवेअरकडे वळतो. आमच्या स्टेनोबाईंच्या जुन्या फाइली एका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा सामायिक अक्षरसंकेतातच, हवा, ही पहिली अट. त्यासाठी स्टेनोच्या बोटांना बसलेला जुन्या टंकयंत्राच्या धर्तीचा रेमिंग्टन कळफलक सोडायला लावण्याची गरज नाही, कारण तो युनिकोडमध्येही मिळतो. मी स्वतः इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक वापरतो, पण त्याचा आग्रह धरून एक चांगला टंकलेखक गमावणे हा शहाणपणा नव्हे.

जुन्या फाइली परिवर्तकातून, म्हणजे फॉन्ट बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये आणताना मी एकदा चांगलाच फसलो. एका परिचारिकेच्या तक्रारीचा कच्चा मसुदा जुन्या नमुन्यावरून केला होता आणि त्यात ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कामावर येऊ नका असे सांगितले’ असे वाक्य ठिकठिकाणी होते. प्रत्यक्षात सांगणारे होते प्रशासकीय अधिकारी. मी शोधा-आणि-बदला ही सोय वापरली, सगळे बदलले असे समजलो आणि तक्रार दाखल केली. आपल्या ‘ऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवला जातो: एकदा नुक्त्याच्या र पासून, तर एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मी टंकलेल्या शब्दाला परिवर्तकातून आलेला शब्द सापडला नाही आणि तीन ठिकाणी ‘वैद्यकीय’ तसेच राहिले. उलटतपासणीत रुग्णालयाच्या वकिलांनी विचारले, ‘बाई, तुम्हाला नक्की कोणी सांगितले?’ त्या परिचारिकेची तारांबळ मला अजून आठवते. तेव्हापासून परिवर्तित मजकूर आला की मी आधी दोन्ही रूपे शोधून एकच करून घेतो.

वर्ड की लिबरऑफिस रायटर, यावर माझे मत विचाराल तर दोन्हींत काम होते. महत्त्वाचे हे, की परिच्छेदांचे क्रमांक हाताने टंकू नयेत आणि ‘वर परिच्छेद ९ मध्ये’ असा उल्लेख क्रॉस-रेफरन्सने, म्हणजे क्रमांकाबरोबर स्वतः बदलणाऱ्या दुव्याने, करावा. एखादा परिच्छेद मध्ये घातला की ९ चा १० होतो, आणि विरुद्ध बाजूचे लेखी म्हणणे तर आपल्या क्रमांकांनुसारच येते. म्हणून दाखल केलेल्या प्रतीची पीडीएफ वेगळी ठेवून पुढची दुरुस्ती नव्या नावाच्या फाइलमध्ये करावी. दोन सॉफ्टवेअरांमध्ये तीच फाइल मागे-पुढे पाठवत राहिल्यास क्रमांक आणि तक्ते बिघडतात. तेव्हा कार्यालयात एकच काहीतरी ठरवा. पैसे नसतील तर लिबरऑफिस फुकट आहे.

त्यात माझ्या कामाची आणखी एक सोय आहे. पुराव्यासाठी केसपेपर जोडावे लागले तर रुग्णाचे नाव झाकलेच पाहिजे, पण अक्षरांवर काळी पट्टी रंगवून पीडीएफ केली तर पट्टीखालचा मजकूर निवडून कोणीही कॉपी करू शकतो. लिबरऑफिसमध्ये ६.३ आवृत्तीपासून मजकूर खरोखर काढून टाकणारे ‘रिडॅक्ट’ साधन आहे. ते वापरावे आणि तयार पीडीएफमधला झाकलेला भाग स्वतः कॉपी करून पाहावा. व्हॉट्सअ‍ॅपवरील ड्यूटीच्या निरोपांना मात्र हात लावू नये. ते मूळ फोनमध्ये जसेच्या तसे ठेवून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह सादर करावे लागतात, आणि पक्षकार फोन बदलण्याच्या बेतात आहे का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.