एक इंजिन आणि खाली नुसतं पाणी: निघायच्या आधी हे बघा

छोटं विमान घेऊन समुद्र ओलांडायचा म्हटलं की सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, इंजिन बंद पडलं तर? बरोबरे, पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही, इंजिनला फ्युएल मिळतंय का. टाकीत फ्युएल असणं वेगळं आणि ते इंजिनपर्यंत पोचणं वेगळं. जानेवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला निघालेलं सिरस एसआर २२ नावाचं एक छोटं विमान हवाईतल्या माउई बेटाच्या साधारण अडीचशे मैल अलीकडे समुद्रात उतरलं, जादाच्या टाकीत फ्युएल होतं पण व्हॉल्व्हच्या भानगडीमुळे ते पंखातल्या टाक्यांत येईना. पायलटने कोस्ट गार्डला वेळेत कळवलं, एका क्रूझ जहाजाजवळ जाऊन अख्ख्या विमानाला खाली उतरवणारं पॅराशूट उघडलं, राफ्टमध्ये म्हणजे फुगवायच्या छोट्या होडीत बसला आणि वाचला.

आता आकडे घेऊन बसा. समजा ६०० नॉटिकल मैल जायचंय (पुढे नुसतं मैल म्हणतो), विमानाचा स्पीड १२० नॉट, म्हणजे तासाला तेवढे नॉटिकल मैल, आणि समोरून २० नॉटचा वारा. म्हणजे जाताना ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने खरा वेग, १००, मागे वळलात तर १४०. जायला लागले ६ तास. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या मॉडेलमध्ये वापरता येणारं फ्युएल असतं साधारण २०० लिटर आणि तासाला ३२-३५ लिटर धरलं तर तेही सहा तासांतच संपतं, म्हणजे धावपट्टी दिसेल तेव्हा टाकी कोरडी. म्हणून केबिनमध्ये फेरी टँक, म्हणजे लांबच्या प्रवासापुरती जादाची टाकी, बसवतात. तो मेकॅनिककडूनच बसवून घ्यायचा आणि जास्त वजनाची लेखी परवानगीही काढायची, कारण दर १०० लिटरला ७२ किलो वाढतात आणि विमान चढताना अक्षरशः कुंथतं.

टेकऑफ पंखातल्या टाक्यांवरच करा. वर गेल्यावर तासभर त्याच वापरा म्हणजे त्यात जागा होते, काही इंजिनं नको असलेलं फ्युएल परत टाकीत पाठवतात आणि टाकी भरलेली असली तर ते व्हेंटमधून, म्हणजे टाकीत हवा जायच्या नळीतून, सरळ बाहेर. मग फेरी टँक चालू करा, मागे फिरणं सहज जमेल अशा अंतरावर असतानाच, आणि गेजकडे बघत बसा, खरंच कमी होतंय का, पंप चालतोय का, केबिनमध्ये वास येतोय का. जरा जरी शंका आली तर मागे फिरा, लाज कसली त्यात. पुढेही नियम तोच, फेरी टँकमधलं आधी संपवायचं आणि पंखातलं राखून ठेवायचं, कुठल्याही क्षणी फेरी टँक रुसला तरी पंखातल्या फ्युएलवर कुठली तरी जमीन गाठता आली पाहिजे.

मागे वळायचं की पुढे जायचं हे घाबरल्यावर ठरवू नका. पुढचं आणि मागचं अंतर जिथे सारख्याच वेळाचं होतं तो बिंदू आधीच काढा: एकूण अंतर गुणिले परतीचा स्पीड, भागिले दोन्ही स्पीडची बेरीज. वरच्या उदाहरणात ६०० गुणिले १४० भागिले २४०, म्हणजे ३५० मैल. तिथून मागे अडीच तास आणि पुढचे २५० मैल पण अडीच तास. बघा, बिंदू मधोमध नाहीये, वाऱ्याने तो पुढे सरकवलाय. वारा फोरकास्टसारखा नसतोच, त्यामुळे दर तासाला खरा ग्राउंड स्पीड बघून पुन्हा गणित करा आणि कागदावर लिहा, जीपीएस गेला तर तोच कागद, होकायंत्र आणि घड्याळ उरतं.

रेडिओचं थोडक्यात. ८,००० फुटांवरून विमानातला नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ जेमतेम ११० मैल पोचतो, पुढे एचएफ हा लांब पल्ल्याचा रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन. वरून एअरलाइनची विमानं जात असतात, १२३.४५ या फ्रिक्वेन्सीवर हाक मारली तर तुमची पोझिशन पुढे कळवतात.

इमर्शन सूट, म्हणजे थंड पाण्यापासून वाचवणारा अंगभर सूट, मात्र अंगात घालूनच बसा. थंड पाण्यात पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, हातपाय नीट चालतात ती १० मिनिटं आणि शुद्ध राहते ती तासभर, एवढ्यात मागच्या सीटवरची बॅग उघडून तो कोण चढवणार? राफ्ट हाताशी, तुमची जागा कळवणारा बीकन अंगावर. लाइफ जॅकेट आत फुगवलंत तर पाणी भरल्यावर छताला जाऊन चिकटाल, दारातून बाहेर पडल्यावरच फुगवा. उतरायचीच वेळ आली तर दार आधीच किलकिलं करून मध्ये काहीतरी अडकवा आणि लाटांच्या रांगांना समांतर उतरा, समोरून येणाऱ्या लाटेच्या तोंडावर कधीच नाही. त्या रांगा वरूनच नीट दिसतात, खाली आल्यावर नुसता गोंधळ दिसतो.

किनारा दिसेनासा झाला की इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटतोच, सगळ्यांनाच वाटतो. कानांवर नाही, ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरवर विश्वास ठेवा.

शेवटी बेट शोधताना एक जुनी युक्ती. १९३१ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर हा पायलट न्यूझीलंडहून एकटा ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा तो मुद्दाम वाटेतल्या बेटाच्या एका बाजूला नेम धरायचा, म्हणजे गणिताने काढलेली वेळ संपल्यावर कुठे वळायचं हा प्रश्नच नको. सरळ बेटावर नेम धरलात आणि बेट दिसलं नाही, तर डावीकडे जायचं की उजवीकडे? आणि लांबून पहिल्यांदा जे बेट वाटतं ती बहुतेक वेळा ढगाची सावली असते, त्यामुळे धावपट्टी डोळ्याने दिसेपर्यंत उंची सोडू नका.